खुर्चीवरून उतरायचा नियम

झिंज, बहरीन
३ ऑक्टोबर २०२५

प्रिय कैलास,

प्रभूची कृपा तुझ्यावर आणि वहिनींवर असो. फोनवर मला नीट विचार करता येत नाही हे तू जाणतोस, म्हणून नेहमीसारखं कागदावर लिहितो आहे आणि पानांचे फोटो पाठवतो आहे. फोटो क्रेगने काढलेत, अक्षर माझं आहे. लागलं नाही तर मुलाला दोष देऊ नकोस.

बातमी अशी की आमच्या वसईकर कुटुंब मंडळाने मला अध्यक्ष केलं. हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये दिवसभर सलाईनच्या खोक्यांशी बोलणारा माणूस मी. पण शुद्ध मराठी बोलतो आणि कोणाशी भांडत नाही, एवढ्यावर निवड झाली.

आमचा सेक्रेटरी एलरॉय बँकेत आहे. त्याची मुलगी शाळेच्या युवा संसदेत विरोधी पक्षनेता झाली होती. ते बघून त्याच्या डोक्यात आलं की आपली सर्वसाधारण सभासुद्धा संसदेसारखी चालवायची. गेल्या वर्षी नाताळच्या जेवणात वडे किती करायचे यावरून दोन कर्त्या माणसांनी एकमेकांची कॉलर धरली होती, त्यामुळे सगळ्यांना ते पटलं. आता आमचं अधिवेशन एका ईस्टरपासून दुसऱ्या ईस्टरपर्यंत असतं. प्रश्नोत्तराचा तास आहे, आवाजी मतदान आहे, मागे प्रेक्षकांसाठी खुर्च्या आहेत. मला सगळे 'सभापती महोदय' म्हणतात. अर्धे थट्टेने, अर्धे खरंच.

हसू नकोस. इथल्या संसदेची दोन सभागृहं आहेत, एक निवडलेलं आणि एक नेमलेलं. आम्ही परदेशी, आम्हाला तिथे मत असायचं कारण नाही. आपल्याकडे मत आहे, पण ते द्यायला विमानाने गावी यावं लागतं. त्यामुळे माझ्यासारख्याला हात वर करायला ही एकच जागा उरते, आणि तिथे मला खुर्चीवर बसवलंय.

येत्या सभेत एक ठराव आहे. रिचेल म्हणून एक नर्स मुलगी आहे, तिने आणलाय. घरकाम करायला इथे आलेल्या आपल्याकडच्या बायकांना मंडळाचं सभासद करून घ्यावं असा. सभासद झालं की शुक्रवारी मिस्सेला जाणारी मंडळाची बस मिळते, मराठी मिस्सेनंतर सगळ्यांबरोबर नाश्त्याला बसता येतं, आणि कोणाचं बरंवाईट झालं तर मंडळ धावून जातं. आत्ता त्या बायका कोणाच्या तरी उपकाराने चर्चला येतात, नाहीतर येत नाहीत. काहींचं म्हणणं घ्यावं. काहींचं म्हणणं, मग मंडळाचं काय राहिलं.

तू लोकसभेत काचेच्या खोलीत बसून सगळं ऐकतोस. मला एवढंच सांग, अशा वेळी सभापतीने काय करायचं असतं? त्याला मत असतं का?

तुझा,
कॉर्नेलियस

---

नवी दिल्ली
९ ऑक्टोबर २०२५

सभापती महोदय,

अर्धं थट्टेने, अर्धं खरंच. आठवीत नागरिकशास्त्राच्या तासाला बाकाखाली बोरं खाणारे आपण दोघे. एक जण लोकसभेत दुभाषा झाला आणि दुसरा अध्यक्षपदावर बसला. सर असते तर त्यांनी दोघांनाही अंगठे धरायला लावले असते.

तू विचारलंस म्हणून सांगतो. सभागृहाचा अधिकार केवढा असतो ते इथे बसल्यावर कळतं. त्याच्या मंजुरीशिवाय सरकारला एक कर बसवता येत नाही, तिजोरीतला एक रुपया खर्च करता येत नाही. मंत्र्याला उभं करून प्रश्न विचारता येतो. बहुमत गेलं तर अख्खं मंत्रिमंडळ घरी जातं. आणि हे सगळं करणाऱ्या सभागृहाला गप्प बसवण्याचा अधिकार एका माणसाला असतो, तो म्हणजे अध्यक्ष. कोण बोलणार, किती बोलणार, कोणाचा शब्द कामकाजातून काढून टाकायचा, सगळं त्याच्या हातात. प्रेक्षक दीर्घेत बसलेल्याने तर खोकायचंही जपून.

पण त्या बदल्यात त्याच्याकडून एक गोष्ट काढून घेतलेली आहे. त्याला सुरुवातीला मत नाही. तो आधी आवाजावरून निकाल सांगतो. कोणी हरकत घेतली तर घंटा वाजते, दारं बंद होतात आणि मोजणी होते. दोन्ही बाजू अगदी सारख्या झाल्या तरच त्याने मत द्यायचं, ते निर्णायक मत. संकेत असा की ते मत स्वतःच्या आवडीने द्यायचं नाही. आहे ते तसंच राहू द्यायचं, आणि शक्य असेल तर पुढच्या चर्चेला जागा ठेवायची.

हे झालं पुस्तकातलं. आता घरचं. गावाहून कळलं की तुझ्या आत्याची मेबल बहरीनला आली आहे, कोणाच्या तरी घरी कामाला. म्हणजे हा ठराव तिच्यासाठीच आहे म्हणायचा. बरं झालं तू खुर्चीवर आहेस. भेटते का ती? लहानपणी पेरूच्या झाडावर आपल्या दोघांपेक्षा वर चढायची. तिला माझा नमस्कार सांग.

तुझा,
कैलास

---

झिंज
२५ ऑक्टोबर २०२५

प्रिय कैलास,

काल सभा झाली. तुझं पत्र मी खिशात ठेवलं होतं आणि त्याचा उपयोग झाला.

हॉल भरला होता. मागच्या खुर्च्यांवर घरकाम करणाऱ्या काही बायका येऊन बसल्या होत्या, रिचेलनेच त्यांना बोलावलं होतं. मी आरंभीच सांगितलं की मागे बसलेल्यांनी ऐकायचं, बोलायचं नाही, सगळ्या संसदांमध्ये असंच असतं.

रिचेल चांगली बोलली. "आपण सगळे इथे कोणाचं ना कोणाचं काम करतो," म्हणाली. "माझ्या हातात बेडपॅन असतं, त्यांच्या हातात झाडू. मला मेंबरशिप आहे, त्यांना मफी, नाही. का ते मला समजावून सांगा."

मग एक सभासद उठले. नाव लिहीत नाही. त्यांचं म्हणणं, "आज मेंबर करा. उद्या भांडी घासणारी आपल्या टेबलावर येऊन बसेल, मग आपल्या बायकांनी तिला वाढायचं का?" लोक हसले. मी लगेच घंटा वाजवली आणि ते वाक्य कामकाजातून काढून टाकायला सांगितलं. एलरॉयने तिथल्या तिथे खोडलं. हॉल शांत झाला. मला त्या वेळी, खरं सांगतो, चांगलं वाटलं.

तेवढ्यात मागची एक बाई बोलायला उठली. मी पुन्हा घंटा वाजवून तिला खाली बसवलं. नियम सगळ्यांना सारखा.

मोजणी झाली ती दोन्हीकडे बरोबर सारखी. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तू लिहिलेला संकेत वाचून दाखवला, की अध्यक्षाने आपली आवड बाजूला ठेवायची आणि आहे ते तसंच राहू द्यायचं. आणि ठरावाच्या विरुद्ध मत दिलं. ठराव पडला. दोन्हीकडच्यांनी मान्य केलं की मी पक्षपात केला नाही. एलरॉय म्हणाला, "खलास. असा स्पीकर पाहिजे."

रिचेल मात्र जाताना बोलली नाही. अजून लहान आहे.

मेबल बरी आहे. आत्याला सांग, काळजी करू नकोस म्हणावं.

तुझा,
कॉर्नेलियस

---

भुईगाव
१४ नोव्हेंबर २०२५

प्रिय कॉर्नेल,

हिवाळी अधिवेशन सुरू व्हायच्या आधी चार दिवस गावी आलो आहे. हे पत्र मी दोनदा फाडलं.

तुझं मागचं पत्र मला आवडलं होतं. माझा सल्ला तू पाळलास, याचाच मला जास्त आनंद होता. परवा तुझ्या आत्याला भेटायला गेलो. मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय, त्यांना दिसत नाही. ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होत्या, नुसत्या हाताने चाचपून. म्हटलं, कॉर्नेलचं पत्र आहे, वाचून दाखवतो. खूश झाल्या. शेजारणीलाही हाक मारली, "ये गं, आमच्या कॉर्नेलचं पत्र आलंय."

मी सगळं वाचलं. चढ्या आवाजात वाचलं, माझी तशी सवयच आहे. घंटेपर्यंत आलो आणि त्यांचे हात थांबले.

"कैलास, ती बाई बोलायला नव्हती रे उठली."

मी विचारलं, कोणती बाई.

"मेबल. तिने फोनवर सांगितलं ना मला. ते टेबलावर वाढायचं कोणीतरी बोललं, सगळे हसले. तिला वाटलं, दादा समोर बसलाय, त्याला अवघड होत असेल. म्हणून निघून जायला उठली. तर त्याने घंटा वाजवली. मग बसली परत."

त्या पुन्हा शेंगा सोलायला लागल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "वाईट नाही बोलली हो ती. म्हणाली, आई, दादा त्या खुर्चीवर छान दिसत होता."

शेजारीण उठून गेली. मी तिथे पत्र हातात घेऊन बसलो होतो, कॉर्नेल, आणि मला वाटत होतं की ते मीच लिहिलंय. संकेताचं ते वाक्य तर माझंच होतं. ते पुरतंही वाचलं नाहीस तू. पुढच्या चर्चेला जागा ठेवायची, असं मी लिहिलं होतं.

मला एवढंच सांग. त्या हॉलमधल्या कोणाला माहीत आहे का, की मेबल तुझी बहीण आहे?

कैलास

---

झिंज
२ जानेवारी २०२६

प्रिय कैलास,

दीड महिना उत्तर दिलं नाही. नाताळ येऊन गेला. नव्या वर्षाच्या पहिल्या शुक्रवारी तरी लिहायचं असं ठरवलं होतं.

कोणालाही माहीत नाही.

मेबल येऊन वर्ष होत आलं. तिचा नवरा गेल्यावर वाडीतली फुलं विकून घर चालत नव्हतं. एजंटने बुसैतीनमध्ये एका म्हाताऱ्या बहरीनी बाईकडे काम लावून दिलं. बाई चांगली आहे, मेबलला मुलीसारखं वागवते. निघायच्या आदल्या दिवशी मेबलने फोन केला, "दादा, मी येते आहे तिकडे." मी म्हणालो, ये. आणि फोन ठेवल्यावर पहिला विचार आला तो असा, की हे इथे कोणाकोणाला कळेल.

एवढ्या वर्षांत मी इथे खोटं काही बोललो नाही. पण गावी वाडी आहे, विहीर आहे, वडील शिक्षक होते, असं सांगताना लोकांच्या डोळ्यांसमोर जे चित्र तयार झालं ते मी पुसलं नाही. त्या चित्रात मेबल बसत नव्हती.

महिन्यातून एकदा मी बुसैतीनला जातो. तिच्या गल्लीच्या टोकाला एक कोल्ड स्टोअर आहे, वाणसामानाचं दुकान. त्याच्या बाजूला गाडी लावतो. ती येते, गाडीत बसते, मी तिला साबण, बिस्किटं, फोनचं रिचार्ज देतो. दहा-पंधरा मिनिटं गावचं बोलतो. मग ती उतरते. एकदाही मी तिला घरी आणलं नाही. तिनेही कधी विचारलं नाही. एकदा फक्त म्हणाली, "वहिनी कशा दिसतात आता? फोटो तरी दाखव." मी फोनमधला फोटो दाखवला. आमचं घर गाडीने वीस मिनिटांवर आहे.

मी मनात असं धरून चाललो होतो की बायकोला, फियोनाला, हे आवडणार नाही. नाताळच्या आधी एकदा तिला तसं बोललोही. ती पोळपाटावर नेवऱ्या लाटत होती. म्हणाली, "मी कधी नको म्हटलं? आली त्याच आठवड्यात मी म्हटलं होतं, जेवायला आणा. तुम्ही म्हणालात, तिला सुट्टी नसते. मी दोनदा विचारलं, मग सोडून दिलं." हे ती म्हणाली होती, मला आठवलं.

त्या दिवशी सभेत मेबल मागे बसलेली मी पहिल्याच नजरेत पाहिली. तिने माझ्याकडे पाहून मान हलवली नाही. ओळख न दाखवायचं तिने स्वतःहून ठरवलं होतं, माझ्यासाठी. आणि मी त्याबद्दल मनातल्या मनात देवाचे आभार मानले. असल्या गोष्टीसाठी आभार मानले, कैलास. सारखी मतं पडली तेव्हा तुझा संकेत आठवला हे खरं नाही. आधी भीती वाटली, की ती सभासद झाली तर दर शुक्रवारी बसमध्ये माझ्या मागे-पुढे असेल, आणि कधीतरी कोणासमोर मला दादा म्हणेल. संकेत त्यानंतर आठवला.

पापनिवेदनाला गेलो. फादरांना सांगितलं, माझ्या हातून गर्व झाला. त्यांनी विचारलं, कशाचा. मी म्हणालो, पदाचा. तिथेसुद्धा खरं सांगितलं नाही.

आता ठराव पुन्हा आणावा म्हणून एलरॉयला भेटलो. तो म्हणतो, एकदा निकाल लागलेला विषय त्याच अधिवेशनात परत आणता येत नाही, आपणच केलेला नियम आहे. सभापतीला यातून काही वाट असते का?

कॉर्नेलियस

---

नवी दिल्ली
११ जानेवारी २०२६

प्रिय कॉर्नेल,

एलरॉयचं बरोबर आहे. इथेही तसंच असतं. तो विषय आता ईस्टरनंतर.

तू वाट विचारलीस. ठरावाला वाट नाही. तुझ्यासाठी एक आहे, आणि ती घटनेतच लिहिलेली आहे. अध्यक्षाला पदावरून काढायचा ठराव आणता येतो. चौदा दिवसांची सूचना द्यावी लागते. तो ठराव चर्चेला असतो तेव्हा अध्यक्ष खुर्चीवर बसू शकत नाही. तो सभागृहात असू शकतो, पण खाली, इतर सदस्यांमध्ये. त्याला बोलायचा हक्क असतो. आणि त्या एका ठरावावर त्याला साध्या सदस्यासारखं सुरुवातीलाच मत देता येतं. निर्णायक मत मात्र नसतं.

हे मी पूर्वी कित्येकदा वाचलं होतं. या वेळी वाचताना वाटलं, लिहिणाऱ्यांना माहीत असावं की वर बसलेल्या माणसाला स्वतःबद्दल बोलायचं तर आधी खाली यावं लागतं.

पण मला भीती वाटते तुला नियम सांगायची. मागच्या वेळी एक सांगितला त्याचं काय झालं ते बघितलं. या नियमाच्या आडही तुला लपता येईल.

मी कोणता मोठा? आमच्या कामात सदस्य जसं बोलेल तसंच पहिल्या पुरुषात बोलायचं असतं. तो म्हणाला, मी मागणी करतो, की मीही माईकवर म्हणतो, मी मागणी करतो. दिवसभर मी 'मी' म्हणत असतो आणि त्यातला एकही माझा नसतो. घरी आलो की माझं बोलणं संपलेलं असतं. त्या दिवशी ओटीवर तुझ्या आत्यासमोर मला एक वाक्य बोलायचं होतं, कॉर्नेल चुकला आणि मीही चुकलो. नाही बोललो. "बरंय, येतो" म्हणून निघालो. तू निदान लिहिलंस तरी.

कैलास

---

झिंज
२१ फेब्रुवारी २०२६

प्रिय कैलास,

गेल्या आठवड्यात, तेरा तारखेला, सभा झाली.

मी सूचना द्यायला गेलो तेव्हा एलरॉय म्हणाला, "स्वतःविरुद्ध ठराव कोण आणतो, कॉर्नेलियस? यल्ला, सोडून दे. तुला कोण काय बोललंय?" शेवटी रिचेलकडे गेलो. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी मांडते अंकल. पण मी कडक बोलणार. मग वाईट वाटून घ्यायचं नाही."

सभेआधी बुसैतीनला गेलो आणि मेबलला म्हटलं, ये. ती म्हणाली, "परत तिथे मागे गप्प बसायला? एकदा बसले ना." मी म्हणालो, या वेळी मी बोलणार आहे. ती म्हणाली, "मग बोल की. मी असले म्हणजेच बोलणार, नसले तर नाही, असं आहे का?" ती आली नाही.

एलरॉय खुर्चीत बसला, मी खाली. रिचेल कडक बोलली. म्हणाली, सभापतींनी आपलं नातं लपवून त्याच नात्याच्या विरुद्ध मत दिलं आणि त्याला निःपक्षपातीपणा म्हटलं. मग मी उभा राहिलो. पाठ करून गेलो होतो ते काही आठवलं नाही. म्हणालो, मागच्या सभेत ज्या बाईला मी घंटा वाजवून खाली बसवलं ती माझी आत्येबहीण मेबल. ती घरकाम करते. मला तिची लाज वाटली, म्हणून मी तसं मत दिलं. नियमाचं कारण मी नंतर शोधलं.

मोजणीत ठरावाच्या बाजूने पाच-सात हात वर झाले, त्यातला एक माझा. ठराव पडला. मला त्यांनी काढलं नाही. आणि मग टाळ्या वाजल्या. पहिल्या रांगेतली एक बाई डोळे पुसत होती. कैलास, शिव्या दिल्या असत्या तर मी उभा राहिलो असतो. त्या टाळ्यांमध्ये मला कुठे बघावं कळेना. मी एका बाईचा अपमान केला होता आणि तो सांगितला म्हणून मोठा ठरत होतो.

जे टेबलाबद्दल बोलले होते ते माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला. "आधी सांगायचं ना. तुमची बहीण असेल तर तिला खास बाब म्हणून घेऊ या. कोण नाही म्हणेल?" मी विचारलं, आणि बाकीच्या? ते म्हणाले, "बाकीच्यांचं ईस्टरनंतर बघू, इंशाल्ला."

एलरॉय वही घेऊन आला. हळूच म्हणाला, "ते लाजेचं वाक्य मी मिनिट्समध्ये घेत नाही. उगाच कायमचं राहायला नको." मी म्हणालो, राहू दे. आणि तिथेच कागद मागून अध्यक्षपदाचा राजीनामा लिहून दिला. ईस्टरनंतर ठराव येईल तेव्हा माझा हात खालून वर होईल. एका मताने फरक पडतो हे मला माहीत आहे.

काल उपवासकाळातला पहिला शुक्रवार होता. फियोना आणि मी सकाळी बुसैतीनला गेलो. या वेळी कोल्ड स्टोअरपाशी थांबलो नाही, दारापर्यंत गेलो. म्हाताऱ्या बाईने फियोनाला आत बोलावून खजूर दिले आणि अरबीत बरंच काही बोलली, त्यातलं 'उख्त' तेवढं कळलं, म्हणजे बहीण. तिला पहिल्यापासून माहीत होतं. मेबलने सांगून ठेवलं होतं की माझा भाऊ इथे मोठ्या हॉस्पिटलात आहे.

मिस्सेत आम्ही तिघं एका बाकावर बसलो. मेबल मध्ये. एकमेकांना शांती द्यायची वेळ आली तेव्हा पुढच्या बाकावरची एक ओळखीची बाई मागे वळली. ती मंडळात नाही, सनद भागात राहते, तिचा नवरा आमच्या हॉस्पिटलात आहे. हात मिळवताना तिने सहज विचारलं, "या कोण?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं, कैलास. पण एक श्वास गेला. आणि त्या एका श्वासात मेबल हसून म्हणाली, "मी यांच्याकडे कामाला आहे."

बाईने मान हलवली आणि पुढे वळली. फियोनाने मेबलचा हात धरला. मी म्हणालो, "बहीण आहे माझी." पण तोवर गायन सुरू झालं होतं आणि ते फक्त मेबलला ऐकू गेलं. प्रभुभोजन घ्यायला मी उठलो नाही. मला त्या रांगेत उभं राहवेना.

मिस्सा संपल्यावर मी दारात थांबलो. ती बाई बाहेर आली. मी तिला अडवून म्हटलं, "ही मेबल. माझ्या आत्याची मुलगी, माझी बहीण." बाई गोंधळली. "अहो, पण त्याच म्हणाल्या की..."

"मीच म्हणाले," मेबल म्हणाली. "चुकून."

बाई गेल्यावर आम्ही गाडीकडे चाललो. मेबल फियोनाबरोबर पुढे होती. मग थांबली, मी जवळ येईपर्यंत.

"आता काय, भेटेल त्याला सांगत फिरणार का, दादा?"

मी म्हणालो, हो.

"दमशील."

एवढं बोलून ती गाडीत बसली. तिला वेळेत परत पोचायचं होतं. म्हातारीच्या औषधाची वेळ झाली होती.

आत्यासाठी मी वेगळं पत्र लिहिलं आहे, सोबत पाठवतो. गावी जाशील तेव्हा त्यांना वाचून दाखव. शेजारणीलाही बोलाव.

कॉर्नेलियस